नऊ फलाटांचे फुवा

आमच्या फुवांनी आयुष्यात एकही गाडी चुकवली नाही, कारण त्यांनी एकही पकडली नाही. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान; आमच्या खानदेशात आत्याला फुई म्हणतात आणि तिच्या नवऱ्याला फुवा. त्यांची सगळी नोकरी धुळ्याच्या बसस्टँडवर, काचेच्या खोलीत, माइकसमोर गाड्या पुकारण्यात गेली. साक्री, पिंपळनेर, शिरपूर, एरंडोल, जळगाव ही गावं त्यांनी जितक्या वेळा उच्चारली तितक्या वेळा कुणी देवाचं नाव घेतलं नसेल. यंदा निवृत्त झाले तेव्हा माइक तिथेच राहिला आणि आवाज मात्र घरी आला. पहिल्या सकाळी त्यांनी चहा मागितला तर शेजारच्या घरातला पाहुणा पिशवी घेऊन उठला म्हणे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते वाढप्याला हाक मारत नाहीत. मान ताठ करून जाहीर करतात, "जिलेबी अद्याप या बाजूस आलेली नाही, कृपया नोंद घ्यावी."

अशा माणसाच्या हाती एनिअग्राम पडावा हा खानदेशावर ओढवलेला मोठाच प्रसंग. त्यांच्या पुण्याच्या मुलीला कंपनीने कसलंसं प्रशिक्षण दिलं होतं; सुट्टीत ती त्याचे कागद घेऊन आली आणि जाताना विसरून गेली. कागदावर एक वर्तुळ, त्याच्या कडेला नऊ ठिपके आणि ठिपक्यांमधून इकडून तिकडे धावणारे बाण. माणसाचे नऊ स्वभाव. प्रत्येकाचं एक भय. ताण आला की प्रत्येक जण एका ठरावीक दिशेला घसरतो आणि मन मोकळं झालं की दुसऱ्या दिशेला उमलतो, असा एकंदर मजकूर. दुसऱ्या कुणी त्या कागदात शेव बांधली असती. फुवांना त्यात बसस्टँड दिसला! वर्तुळ म्हणजे आवार, नऊ ठिपके म्हणजे नऊ फलाट, बाण म्हणजे गाड्यांचे मार्ग. त्या दिवसापासून त्यांनी भेटेल त्याला फलाट वाटून द्यायला सुरुवात केली. फुईने फक्त एवढंच विचारलं, "एक एनिअग्राम म्हंजे किती तोळा?" तो तोळ्यावर मिळत नाही हे कळल्यावर तिचा त्यातला रस संपला.

आता माझं सांगते. मी वडिलांच्या चळवळीच्या पत्रकांवर वाढले. एरंडोलच्या आमच्या घरात मी बाराखडीच्या आधी 'जाहीर निषेध' वाचायला शिकले आणि माझा शाळेतला डबा उरलेल्या पत्रकांत गुंडाळलेला असायचा. पत्रकाचा धर्म सरळ असतो: सकाळी संताप, दुपारी छापखाना, संध्याकाळी लोकांच्या हातात. त्यामुळे वाट पाहणं मला कुणी शिकवलंच नाही. नाटकं लिहायला लागले तेव्हा याचा हिशोब लागला. माझी नाटकं पहिल्या वाचनानंतर आणि पहिल्या तालमीआधी मरायची. जो काळ नुसता तयारीचा, ज्यात दाखवण्यासारखं काही नसतं, त्या काळात माझा दम कोंडायचा. मग मी सगळ्यांशी भांडून नाटक टाकून द्यायची आणि त्यावर एक पत्रक काढायची.

यंदाचं नाटक मात्र मला टाकायचं नव्हतं. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या लेकी आखाजीला माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात आणि भावाने दिलेली साडी घेऊन परत जातात. माझ्या नाटकातली बहीण साडी नाकारते आणि शेतातला हिस्सा मागते. हे नाटक मला आखाजीच्याच दिवशी, एरंडोलला आमच्या गल्लीतल्या झोक्याखाली, त्याच बहिणींपुढे आणि त्याच भावांपुढे करायचं होतं. तो दिवस हुकला की वर्ष गेलं. आणि वर्षभर टिकेल असा राग माझ्याकडेसुद्धा नव्हता. नाटकात लागणारी आखाजीची गाणी फुईच्या गळ्यात होती, म्हणून तालमी धुळ्याला, फुवांच्या गच्चीवर. म्हणजे आयतेच आम्ही फुवांच्या तावडीत सापडलो.

"बेटा," फुवा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तुझी गाडी लागलेली आहे. सुटलेली नाही. या दोन्हींत फरक आहे."

मग त्यांनी तो समजावला. गाडी फलाटाला लागली की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. मग एकाला वाटतं, पाणी पिऊन येऊ. दुसऱ्याला वाटतं, ही सुटणारच नाही, पलीकडची बघू. तिसरा ड्रायव्हरला शोधून भांडायला जातो. "आणि गाडी सुटते तेव्हा आत नुसते रुमाल असतात! लागलेल्या गाडीत बसून राहणं, बेटा, ही सगळ्यात अवघड कला. प्रत्येक जण उतरतो, पण उतरायचं कारण प्रत्येकाचं वेगळं. ते कारण कळलं की माणूस बसून राहतो."

मी अर्थातच पेटले. म्हटलं, "फुवा, हे राशीभविष्यच आहे! माणसांना नंबर देणं मला मान्य नाही." ते शांतपणे म्हणाले, "राशीवाला पुढे काय होणार ते सांगतो. हे सांगतं की तू आत्ता काय टाळते आहेस." मी मनातल्या मनात निषेधाचं पत्रक लिहायला घेतलं. वर ते म्हणाले, "आणि तू तर एक नंबर आहेस!" आमच्याकडे 'एक नंबर' म्हणजे झकास, फर्स्टक्लास. मी कितीतरी दिवस ताठ मानेने फिरले. पुढे कळलं की एक नंबर म्हणजे ज्याला जगातल्या चुका झोपू देत नाहीत, जो दुसऱ्याच्या वाक्यातला स्वल्पविराम सुधारताना आपलं वाक्य पूर्ण करायचं विसरतो. पहिला प्रवेश मी पुन्हा पुन्हा लिहीत होते आणि दुसऱ्याला हात लावत नव्हते, ते यामुळे. "ताण आला की एकची गाडी चारला जाते," फुवा म्हणाले, "मग तू रडणार, की माझं कुणाला कळतच नाही. खुशीत आली की सातला जाते. म्हणून ऊठ." आणि मला वही मिटायला लावून त्यांनी सरळ एका शेतात भरीत खायला नेलं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेली वांगी, हिरव्या मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वाढणाऱ्या बायांची चेष्टामस्करी. परतताना दुसरा प्रवेश माझ्या डोक्यात आपोआप बोलू लागला. भरिताला हे श्रेय द्यायचं की एनिअग्रामला, यावर आमचा वाद अजून चालू आहे.

असोद्याचा माझा एक मित्र नाटकात भावाचं काम करत होता. तो मोटरसायकलवर केळ्यांचा घड घेऊन यायचा आणि घडाबरोबर एक नवं नाटक आणायचा. "हे सोड, याच्यापेक्षा भारी विषय सुचलाय!" फुवांनी त्याला बघता क्षणी पुकारलं: "फलाट क्रमांक सात! उमलायचं तर याने पाचला जाऊन बसावं." बसावं म्हणजे खरोखरच बसावं. त्याचा फोन काढून घेऊन त्याला फुईसमोर बसवलं आणि एक गाणं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकायला लावलं. हा उठला तेव्हा म्हणाला, "अरे, हे तर संपताना वेगळंच होतं!" बिचाऱ्याने तोवर कुठल्याच गोष्टीचा शेवट पाहिला नव्हता. दुसरा जळगावचा बँकवाला, आमचा हार्मोनियमवाला. तो पाच नंबर. चाल बसवण्याआधी त्याला खानदेशावरची सगळी पुस्तकं वाचायची होती. फुवांनी त्याला मंडपवाल्याशी भांडायला पाठवलं, कारण पाच नंबर उमलला की आठला जातो. हा भला माणूस घसा बसवून परत आला आणि दारातूनच ओरडला, "मी त्याला चक्क 'नाही' म्हणालो!" त्या दिवशी त्याने चाल बांधली. काय चाल होती!

या सगळ्यात फुई चहा करत होती. भाकरी करत होती. कुणाचं बटण लावत होती, कुणाच्या आईच्या गुडघ्याची चौकशी करत होती आणि मधूनच पदराला हात पुसत गाणं सांगत होती. कुठलं गाणं म्हणतेस, असं विचारलं की तिचं एकच उत्तर: "तुमले जे पाहिजे ते."

आणि मग तो दिवस उजाडला. तालीम पाहायला शेजारपाजार गच्चीवर जमला होता. फुवांना गर्दी दिसली की ते फुलतात. त्यांनी एकेकाची ओळख करून दिली: हे सात नंबर, हे पाच नंबर, ही आमची एक नंबर. तेवढ्यात फुई चहाचं ताट घेऊन जिन्यातून वर आली. फुवांचा ऊर भरून आला. आपल्याजवळचा सगळ्यात मोठा सन्मान तिला द्यायचा म्हणून, धुळ्यातल्या आमच्या अर्ध्या देवपूर भागाला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, "आणि ही माझी दोन नंबरची बायको!"

गच्चीभर माना वळल्या. मग एक शेजारीण हळूच म्हणाली, "अगं माय! मंग पहिली कोठे शे?"

दुसरी म्हणाली, "तरीच भाऊंची ड्यूटी इतकी असायची."

संध्याकाळपर्यंत पहिली बायको जळगावला राहायला गेली. सकाळपर्यंत तिला दोन मुलं झाली आणि तिच्या नावावर केळीची बाग निघाली. फुवा घरोघर जाऊन वर्तुळ काढून दाखवत होते, पण बाण दाखवावेत तितका संशय वाढत होता. फुईने तेव्हाच ताट खाली ठेवलं, डबे घासले आणि दुसऱ्या दिवशी एरंडोलच्या गाडीत बसून माहेरी, म्हणजे आमच्या घरी, गेली. तिच्याबरोबर सगळी गाणी गेली.

आम्ही ठरल्या मार्गाने घसरलो. असोद्याचा म्हणाला, दुसरंच नाटक करू. बँकवाला म्हणाला, यावर अजून थोडं वाचायला हवं. मी पहिला प्रवेश फाडला आणि माझं कुणाला कळतच नाही असं म्हणून रडले. आखाजी तोंडावर आली होती. फुवा गच्चीच्या कठड्याशी उभे होते. "गाडी लागलेली आहे," ते म्हणाले. पण तो आवाज जिन्याखालीसुद्धा गेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन स्टँडवर गेले. माणूस प्रवासी म्हणून तिथे कधी आलाच नव्हता. त्यांनी खिडकीतून रुमाल टाकला, जागा धरली आणि मग सवयीने खाली उभे राहून खणखणीत आवाजात गाडी पुकारली. ड्रायव्हरने ते ऐकून ती काढलीसुद्धा. धावत्या गाडीत त्यांना ओढून घेताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला.

एरंडोलला दार बंद. आत माझ्या वडिलांनी मेहुण्यांच्या निषेधाचा मसुदा करायला घेतला होता. फुवा गल्लीच्या मधोमध उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. धुळ्याहून आलेल्या इसमास एकच बायको आहे. पहिलीही तीच, शेवटचीही तीच. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत."

गल्लीतली दारं एकेक करून उघडली. आमचं नाही उघडलं. आतून फुईचा आवाज आला, "मंग दोन नंबर कोन शे?"

"तूच शे."

"आनि एक नंबर?"

"ती तुन्ही भाची शे!"

गल्ली खदखदून हसली, पण फुवा हसले नाहीत. ते दाराजवळ गेले आणि मी कधी ऐकला नव्हता अशा बारीक आवाजात म्हणाले, "दोन नंबर म्हंजे जो बठ्ठासनं करस, आनि सोतानं कोन्हाले सांगत नही." सगळ्यांचं करतो आणि स्वतःचं कुणाला सांगत नाही, तो.

मग दाराच्या फटीतून प्रश्न आला, "ती गाडी खुशीमा कोठे जास?"

"चारले."

"तठे काय शे?"

"तठे दुसरानं काम नही. तठे सोतानं गानं शे."

कडी वाजली. फुई दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पहिले च्या ल्या."

तालमी पुन्हा सुरू झाल्या, त्या आता आमच्याच ओट्यावर. फुईची एकच अट होती: "शेवटलं गानं मी म्हनसू. कोठलं ते इचारू नका." न बसवलेलं गाणं, तेही माझ्या नाटकाच्या शेवटी! माझ्यातला एक नंबर तडफडला. पण मी रुमाल टाकलेल्या जागेवर बसून राहिले. उतरले नाही.

आखाजीला, ऊन कललं तेव्हा, झोक्याखाली नाटक झालं. भाऊ साडी पुढे करतो, बहीण ती परत देते आणि हिस्सा मागते, तेव्हा पुढे बसलेले भाऊ पायाच्या अंगठ्यांकडे बघू लागले आणि मागे बसलेल्या बहिणी सरकत सरकत पुढे आल्या. एवढं काम एका पत्रकाने कधी केलं नव्हतं! मग फुई उठली. पदर खोचला. हार्मोनियमवाल्याला हाताने थांब म्हणाली आणि एकटीच म्हणू लागली:

*झोका गया वर, माय, दिखनं मन्हं गाव,*
*झोका उना खाले, कोन्ही पुसे ना मन्हं नाव.*

झोका वर गेला तेव्हा गाव दिसलं; खाली आला तेव्हा माझं नाव कुणी विचारलं नाही. हे गाणं तिने कधी रचलं, कुणास ठाऊक.

आभार मानायला माइक फुवांकडे होता. त्यांनी मंडपवाल्याचे मानले, गल्लीचे मानले, असोद्याचे आणि जळगावचे मानले. मग ते अडखळले. हा माणूस, ज्याच्या तोंडात अख्ख्या खानदेशाची गावं न अडखळता फिरायची, तो एका शब्दाशी थांबला. त्यांनी घरात तिला कधी नावाने हाक मारलेली नव्हती. "आयकं का" यावरच त्यांचा संसार चालला होता. "आणि गाणं म्हणणाऱ्या..." ते म्हणाले, "सुभद्रा." पुढे नंबर लावला नाही.

माणसं पांगली. मी वायरी गोळा करत होते आणि ती दोघं सतरंजीची टोकं धरून घडी घालत होती. फुवांनी विचारलं, "इतला वरीसमा हाई गानं तू कधी म्हनंच नही?"

"दर आखाजीले म्हनू," फुई म्हणाली. "आखाजीले तुमी घर कधी व्हतात?"

खरंच. ती दर आखाजीला म्हणत आली होती, पण आखाजीला स्टँडवर तुफान गर्दी असते. सगळ्यांच्या बायका माहेरी जात असतात आणि त्यांच्या गाड्या कुणीतरी पुकाराव्या लागतात. फुवा सतरंजी धरून तसेच उभे राहिले. मग त्यांनी आपलं टोक तिच्या टोकाला नेऊन लावलं, तर ते चांगलंच तिरकं लागलं. तिरकी घडी मला बघवत नाही. ती सरळ करून द्यायला मी पुढे निघालेसुद्धा होते. पण गेले नाही.