शेवटची सोळा पानं

चक्कीवाले मामा कोणाला 'बरं हाय का' असं कधी विचारत नसत. माणूस समोर आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "कोन्त्या पानावर हायेस?" बाजारात विचारत, बस स्टँडवर विचारत. एकदा तर मयतीला जमलेल्या लोकांत त्यांनी मला कोपरानं ढोसून हळूच विचारलं होतं. लोक त्यांना पाहून रस्ता बदलायचे. मीही बदलला आहे, खोटं कशाला सांगू?

कामरगावात मामांची पिठाची चक्की होती आणि त्या चक्कीत बसून त्यांनी एक कादंबरी लिहिली होती. 'सरू' तिचं नाव. घर सोडून निघालेल्या एका हट्टी बाईची गोष्ट. वर ज्वारी पडत असायची, खाली पीठ, आणि मधे स्टुलावर बसून मामा वहीत लिहीत असायचे. दळण न्यायला आलेल्या बायांना ते चक्कीच्या घरघरीवर ओरडून एखादा उतारा वाचून दाखवत. बाया म्हणत, "मामा, पीठ जाडं होऊन राह्यलं, तिकडं पाहा आधी!"

छापायला कोणी तयार होईना. ज्यांना ज्यांना हस्तलिखित पाठवलं, त्यांच्याकडून नकारही आला नाही. मामा पोस्टमनला इतक्यांदा विचारायचे, की तो सायकल लांबूनच वळवू लागला. शेवटी त्यांनी मिरची कांडायचं यंत्र विकलं आणि स्वतःच पुस्तक छापून आणलं. मामी आठ दिवस बोलल्या नाहीत. मामांना त्याचा पत्ता तरी होता की नाही, देव जाणे. त्यांनी गठ्ठा सोडला, वरचं पुस्तक नाकाला लावून हुंगलं, प्रत्येक प्रतीवर घेणाऱ्याचं नाव घातलं आणि पिशवी खांद्याला मारून वाटत सुटले. शेलूबाजारच्या दुकानदारांपासून इंझोरीच्या सोयऱ्यांपर्यंत कोणाला सोडलं नाही.

मग सुरू झालं ते, कोन्त्या पानावर हायेस? आणि आम्ही सगळे थापा मारू लागलो. "अर्धं झालं मामा." "बस, आता संपतच आलं." मी वाशीमला नोकरीला होतो. सुटीत गाठ पडली तेव्हा सुटका करून घ्यायची म्हणून सांगून टाकलं, "मामा, झालं वाचून. शेवट लय भारी जमला. डोयात पानी आलं माह्या." मामांचा चेहरा असा उजळला, की मला क्षणभर वाटलं, बरं केलं आपण.

त्यानंतर काही महिन्यांनी कारंज्याच्या एका वाचनालयानं मामांना वाचनाला बोलावलं. आयुष्यातलं पहिलं बोलावणं! मला सोबत घेऊन गेले. सत्कार झाले, भाषणं झाली आणि मामांना पाच मिनिटं मिळाली. "माह्या कादंबरीचा शेवट लोकायले लय आवडला, तोच वाचतो," म्हणत त्यांनी पुस्तक उघडलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. पिशवीतून दुसरी प्रत काढली, मग तिसरी. एकशे शहात्तराव्या पानानंतर सरळ मागचं कव्हर. छापखान्यात बांधणी करताना शेवटची सोळा पानं राहून गेली होती, सगळ्याच प्रतींत. मामांनी पुस्तक मिटलं, "माफी असावी" म्हणाले आणि खाली बसले.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर पाहत होते. मग माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "तुह्या डोयात पानी आलं होतं ना लेका?" मी तिकिटाची सुरळी करत बसलो. "हेडमास्तरच्या बी आलं होतं. सरपंचाले त शेवट दोनदा वाचावा लागला म्हने." आणि ते हसले. ते हसू मला आजही सहन होत नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवसापासून चक्की बंद. मामांनी मूळ वहीवरून ती सोळा पानं सुवाच्य उतरवली, झेरॉक्स काढल्या, गव्हाच्या पिठाची खळ केली आणि घरोघर निघाले. ज्यांना ज्यांना पुस्तक दिलं, त्यांच्याकडे जाऊन पानं चिकटवू लागले. एकाच्या घरी पुस्तक खाटेच्या पायाखाली लावलेलं होतं. मामांनी खाट उचलली, पानं चिकटवली आणि पुस्तक परत होतं तिथं ठेवून दिलं. माझ्याकडे वाशीमलाही आले. माझी प्रत कोरी करकरीत. त्यांनी खळ लावली, वाळेपर्यंत तळहातानं दाबून धरली आणि म्हणाले, "आता वाच. नाई वाचलं तं बी चालते. पन आवडलं म्हनू नोको." चहा ठेवला होता. घेतला नाही.

पुढे चक्की पुन्हा सुरू झाली, पण मामांनी कोणालाच पान विचारलं नाही. दुसऱ्या कादंबरीसाठी वही घेतली होती, तिच्यात ते दळणाच्या गिऱ्हाइकांची नावं लिहू लागले. मला मात्र पुस्तकाला हात लावायची हिंमत होईना. शरम, दुसरं काय! गेल्या हिवाळ्यात मामा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात ज्यानं त्यानं त्यांच्या लेखणीची तारीफ केली. मी मान खाली घालून बसलो होतो. घरी आलो आणि वाचायला घेतलं. तीन दिवसांत संपवलं.

काय बाई उभी केली आहे मामांनी! जिद्दीची, तिखट जिभेची. आणि त्या शेवटच्या सोळा पानांत हीच सरू मुकाट्यानं घरी परत येते आणि सगळ्यांना माफ करून टाकते. नाही पटलं मला. सरू अशी आलीच नसती. मामा, शेवट फसला तुमचा.

हे मी त्यांना सांगायला पाहिजे होतं. चक्की बंद करून ते माझ्याशी भांडले असते, "काहून फसला? बस इथं, सांग मले!" म्हणाले असते, दळणाच्या बाया खोळंबल्या असत्या आणि मामांच्या जन्मात एवढा आनंदाचा दिवस दुसरा उगवला नसता.