दाराआडचं गाऱ्हाणं

माझ्या बायकोनं डोंबिवलीच्या समुपदेशक बाईंकडं जाणं मधेच का सोडलं, याची एक गोष्ट आमच्या नातेवाइकांत पक्की होऊन बसली आहे. त्या बाई ख्रिस्ती होत्या, उपचाराच्या नावाखाली हिला देवापासून तोडत होत्या, आणि ते वेळीच लक्षात आलं म्हणून आम्ही सगळं बंद केलं. ही गोष्ट मीच सांगितली. आधी कोपरीच्या वहिनींना, मग गावी मेहुण्यांना. त्यानंतर ती माझ्या मदतीशिवायच फिरू लागली. ती खोटी आहे.

माझ्या सासूबाई गेल्या, त्याच वर्षी हिच्या तळहातांची आग सुरू झाली. भर दुपारी उठून नळाखाली हात धरून उभी राहायची. रक्त तपासलं, नसा तपासल्या, सगळे रिपोर्ट नॉर्मल. वर्तकनगरमधले आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले, "काका, हातांना काही झालेलं नाही. त्यांना कुणाशी तरी बोलू द्या." मला वाटलं, यांना निदान जमलेलं नाही, म्हणून हे असं सांगताहेत. बोलायला घरात मी होतो की.

बाई लेकीनं शोधल्या. लेक डोंबिवलीतच राहते. बाई पस्तिशीच्या, आईवडील केरळचे, पण जन्म आणि शाळा कल्याणला. मराठी अगदी आपल्यासारखं, उलट थोडं जास्तच भरभर. गळ्यात बारीक साखळी आणि तिला क्रॉस. मी तो आधी पाहिला, चेहरा नंतर.

"काका, तुम्ही जरा बाहेर बसाल?"

"हिला नीट सांगता येत नाही," मी म्हणालो. "बोलता बोलता मालवणीत शिरते."

"शिरू दे ना. नाही कळलं तर त्यांनाच विचारेन."

चाळीस वर्षांहून जास्त संसार झाला होता. हिच्या वतीनं बँकेत मी बोललो, दवाखान्यात मी बोललो, लेकीच्या लग्नाच्या बोलण्यांत मी बोललो. आणि ही कालची मुलगी मला दाराबाहेर बसवत होती. आत काय चाललंय, याचा विचार मी त्या खुर्चीवर बसल्या बसल्याच सुरू केला.

परत येताना रिक्षात विचारलं, "काय म्हणाली?"

"गावात कुणाला त्रास झाला तर तुम्ही काय करता, असं विचारत होत्या."

"मग?"

"गाऱ्हाणं घालतो म्हटलं."

कोकणाबाहेरच्यांना सांगायला हवं. देवळात किंवा घरच्या गणपतीपुढं सगळे उभे राहतात. गुरव नाहीतर घरातला कर्ता पुरुष देवाला मोठ्यानं आपलं दुःख आणि मागणं सांगतो. प्रत्येक वाक्य संपलं की बाकीचे 'होय म्हाराजा' म्हणतात. आमच्या घरचं गाऱ्हाणं मी घालतो, माझ्याआधी वडील घालायचे. बायका मागं उभ्या असतात. हिनं सगळा जन्म मागं उभं राहून तेवढं 'होय' म्हटलं होतं.

"आपल्या देवाची चौकशी त्या बाईला कशाला हवी?" मी म्हणालो.

"त्यांना माहीत नव्हतं, म्हणून विचारलं."

"माहीत नाही तर औषध कसलं देणार ती?"



पुढचे काही आठवडे हिचं नळाखाली उभं राहणं कमी होत गेलं. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी भलतंच टिपत होतो. लेकीचा फोन आला की ही गॅलरीत जाते. भाजी निवडताना ओठ हलतात. मी आत गेलो की थांबतात. एकदा ही आंघोळीला गेलेली असताना मी तिची पर्स चाचपली. प्रार्थनेचं पुस्तक, एखादी तसबीर, काहीतरी सापडणार याची मला खात्रीच होती. बडीशेप सापडली. मग मला वाटलं, लपवायला शिकवलंय.

आणि एके दिवशी डोंबिवलीला आतलं दार नीट लागलं नव्हतं. हिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण चाल ओळखीची होती. लांबवत नेलेलं वाक्य, मग थांबणं. पहिलं तेवढं स्पष्ट ऐकू आलं: "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेक तुका गाऱ्हाणां घालता…" आणि ही थांबली, तेव्हा त्या बाईंचा आवाज आला, "होय म्हाराजा."

पुन्हा हिचं वाक्य. पुन्हा बाई, "होय म्हाराजा."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वडिलांच्या तोंडचे शब्द, माझ्या बायकोच्या तोंडी, आणि हो म्हणायला ही क्रॉसवाली बाई! मला ती चेष्टा वाटली. निदान मी स्वतःला तसं समजावलं. खरी गोष्ट वेगळी होती. आपल्याविरुद्ध आत काहीतरी सांगितलं जातंय, आणि कुणीतरी त्याला होकार देतंय, याची मला भीती वाटली होती.

दोन दिवसांनी मी एकटाच बाईंकडं गेलो.

"हा काय पोरखेळ चालवलाय?" मी म्हणालो.

"काकूंनीच शिकवलं मला," त्या म्हणाल्या. "एकट्यानं गाऱ्हाणं होत नाही म्हणाल्या, कुणीतरी हो म्हणायला लागतं. माझा उच्चार चुकला की हसतात."

"ती काय सांगते देवाला?"

"ते त्यांना विचारा."

"मी नवरा आहे तिचा."

"हो काका. म्हणून तर तुम्हांला ते त्यांच्याकडूनच कळायला हवं. त्या बोलवतील तेव्हा या. तुम्ही काही उत्तर द्यायचं नाही, फक्त हो म्हणायचं."

"मी? बायकोच्या गाऱ्हाण्याला?"

"त्यांनी इतकी वर्षं तुमच्या गाऱ्हाण्याला म्हटलंच ना?" आवाजात टोमणा नव्हता, पण मला तो ऐकू आला.

एवढंच बोलणं झालं. माझ्या बायकोच्या गाऱ्हाण्यातला एक शब्दसुद्धा त्या बाईंनी मला सांगितला नाही. हे मी शपथेवर लिहितो.

घरी आलो तेव्हा ही स्वयंपाकघरात पीठ मळत होती. मी दारातूनच म्हणालो, "डोंबिवलीला जाऊन आलो. बाईंनी सगळं सांगितलं मला."

तिचे हात थांबले. "सगळं?"

"सगळं."

"माझ्या आयेचं पण?"

आयेचं काय, ते मला ठाऊकच नव्हतं. सासूबाई आजारी असताना ही गावी जायचं म्हणत होती, आणि मी पुढच्या आठवड्यात बघू, पुढच्या आठवड्यात बघू करत राहिलो, इतकंच मनात चमकून गेलं. "ते पण," मी म्हणालो.

ती भांडली नाही. पीठ झाकून ठेवलं, हात धुतले, आणि किती तरी वेळ नळ बंद केला नाही.

त्यानंतर ती डोंबिवलीला गेली नाही. बाईंनी फोन केले, तिनं उचलले नाहीत. नातेवाईक विचारू लागले, बरं वाटत होतं ना, मग सोडलं का? मला उत्तर हवं होतं. गळ्यातला क्रॉस माझ्या कामी आला. मी सांगायला लागलो आणि लोकांनी चटकन मानलं. कुणालाच ते पटवून द्यावं लागलं नाही, याचं मला तेव्हा आश्चर्यही वाटलं नाही.

हातांची आग पुन्हा वाढली. गेल्या वर्षी तर बांगडीसुद्धा सहन होईना. लेक म्हणाली, "आई, दुसऱ्या कुणाकडं तरी जाऊ. ठाण्यात आहेत चांगले."

ही म्हणाली, "नको गो. तिथं बोललेलं घरी पोचतं."

लेकीला काही कळलं नाही. मला कळलं. संशय माझा होता, आणि तो मी हिच्यात सोडला होता. आता तो जगातल्या प्रत्येक दाराआड हिला दिसत होता.

मी दोघींसमोरच सांगून टाकलं. ही शांतपणे म्हणाली, "तेव्हा म्हणालात सगळं सांगितलं. आता म्हणता काहीच नाही. ह्यातलं खरं कुठलं?"

"हेच खरं."

"कशावरून?"

शेवटी लेकीनं बाईंना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. हिनं विचारलं, "बाई, आमचे हे तुमच्याकडं एकटे आले होते? तुम्ही त्यांना माझं काय सांगितलंत?"

मला वाटलं, आता सुटलो. बाई सांगतील, आले होते, हात हलवत परत पाठवले.

"काकू," पलीकडून आवाज आला, "माझ्याकडं कोण आलं, कोण काय बोललं, हे मी कुणालाच सांगत नाही. तुम्हांलासुद्धा नाही. कशा आहात तुम्ही?"

बाईंनी मला सोडवलं नव्हतं. पण हिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमललं. जी बाई माझ्याबद्दल हिला सांगत नव्हती, ती हिच्याबद्दल मला कशी सांगेल? माझ्या शपथेनं जे झालं नसतं, ते त्या नकारानं झालं. ही फोन घेऊन आतल्या खोलीत गेली.

आता ती पुन्हा जाते. लेकीबरोबर. मला बोलावलेलं नाही. हात कधी बरे असतात, कधी नसतात. ती आत काय सांगते ते मला माहीत नाही, आणि खोटं कशाला लिहू, अजूनही ती जाते त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझं लक्ष घड्याळाकडं असतं.

तिनं माझ्याकडून एकच मागितलं. ज्यांना ज्यांना ती गोष्ट सांगितली, त्यांना खरं सांगायचं. म्हणून हे लिहिणं, आणि म्हणून परवा कोपरीला गेलो. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाल्या, "भाऊजी, त्या बाईनं तुम्हांला काही खायला-प्यायला दिलं होतं का हो?"

"नाही वहिनी."

"आठवा नीट. चहा तरी पाजला असणार. तुम्ही असे नव्हता."

त्या माझ्याकडं अशा नजरेनं पाहत होत्या, की ती नजर मी कुठंही ओळखली असती. चपला घालायला उठलो होतो, तो पुन्हा बसलो आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.