युरोपाच्या झाडावरची माशी

नाण्यांचे ठसे कोरणाऱ्या थार्सिआसला चार हात लांबचं माणूस दिसे, पण नखाएवढं कोरीवकाम दिसेनासं होऊन सहा वर्षं झाली होती. हे गोर्तिन शहरात फक्त त्याच्या लेकीला, लिसिदिकाला, माहीत होतं. ठशांवर नाव बापाचं आणि हात लेकीचा, असा सगळा कारभार.

बैल होऊन आलेल्या झेउस देवाने राजकन्या युरोपाला फसवून समुद्रापार आणलं आणि ती आमच्याच ओढ्याकाठच्या चिनारात बसून रडली, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ती नेमकी कशी बसली असेल, ते एका ठशावर उलटं कोरायचं, नाण्याच्या मागच्या बाजूच्या दुसऱ्या ठशावर बैल कोरायचा, मातीवर दाबून सुलटं बघायचं, ही मेहनत लिसिदिकाची.

या वर्षी बापाने शब्द दिला होता. “पोरी, युरोपाच्या झाडाच्या फांदीवर तुझी खूण कोर. नाणी तपासायला येणाऱ्या पंचांनी विचारलं की चारचौघांत तुझं नाव घेतो.” तिने तिळाएवढी माशी कोरली. आठवडाभर बाईसाहेब हवेत होत्या; भांडकुदळ शेजारणीशीसुद्धा गोड बोलल्या.

पंच आले. त्यांतल्या सोआर्खोसने नवं नाणं उन्हात धरलं. “युरोपा झकास जमलीय! पण थार्सिआस, ही माशी कुणाची खूण?”

अंजिरांची टोपली घेऊन दारात उभी असलेली लिसिदिका एक पाऊल पुढे आली.

“खूण कसली, मालक!” बाप हसला. “पोरीला ठसा पुसायला दिला होता. धसमुसळी आहे, ओरखडा पाडला. उद्या तिथे पान कोरतो, झालं!”

“हिला चुलीपाशीच ठेव रे बाबा,” सोआर्खोस म्हणाला. सगळे हसले, बाप सगळ्यात मोठ्याने.

नाव घेतलं नाही, हे तिने एक वेळ गिळलं असतं. पण ओरखडा! सख्ख्या बापाने गळा कापला होता.

पंच गेल्यावर बाप म्हणाला, “रागावलीस? अगं, बाईच्या हातचं म्हटलं असतं तर काम गेलं असतं. चल, ते पान कोरून टाक.”

“मग शब्द कशाला दिलात, बाबा?”

“तुझा हात मन लावून चालावा म्हणून बोललो गं.”

लिसिदिकाने दोन्ही ठसे त्याच्यापुढे मांडले आणि छिन्नी त्याच्या हातात दिली. “पंचांना म्हणालात ना, मी कोरतो? कोरा.”

त्याने अंगठ्याने चाचपलं, पुन्हा चाचपलं, छिन्नी टेकवली आणि हातोडी उचलली. तो बैलाचा ठसा होता. लिसिदिकाला ते दिसलं, पण ती बोलली नाही.