उचलून घे

मस्तगडातले माझे शेजारी संस्कृतचे निवृत्त मास्तर. कुठलाही शब्द निघाला की बोटांची पेरं मोजत त्याची वंशावळ सांगतात. लेक नॉर्वेत असते. तिथंच जन्मलेल्या नातीला मराठी येत नाही.

परवा मी त्यांच्याकडे बसलेलो असताना व्हिडिओ कॉलवर ती हात वर करून त्यांना "बॅरे, बॅरे" म्हणत होती.

"उचलून घे म्हणून राह्यली," मास्तर मला म्हणाले. "जुन्या नॉर्समधलं 'बेरा' ह्याचा बाप. आपलं संस्कृत 'भरति' चुलत आजोबा. वाहून नेणं. परका शब्द न्हाई."

"मंग उचला की," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

कॉल संपल्यावर मास्तरांनी तो गरम फोन खांद्याला लावला आणि थोपटत अंगणात दोन फेऱ्या मारल्या.