पांढऱ्या साड्यांच्या रांगेत

दुसऱ्यासारखं दिसायचा मला पहिल्यापासून कंटाळा. का, ते विचारू नका, मलाही माहीत नाही. वडील ढोकीच्या साखर कारखान्यात बॉयलरवर कामाला होते आणि आई वस्तीतल्या बायांचे झंपर शिवायची. वडिलांची कारखान्याची निळी पँट गुडघ्यात गेली की ती माझी. आईच्या मशिनखाली पडलेली कात्रणं माझी. इरकलीचे उसवलेले काठ, खणाचे तुकडे, कुणाच्या परकराचं उरलेलं कापड, सगळं एका गाठोड्यात कोंबून ठेवायची आणि दुपारी आई जरा आडवी झाली की मशिनीवर बसायची.

बारावीला असताना मी जो पोशाख शिवला तो अजून डोळ्यांपुढं आहे. खाली वडिलांची कापून बारीक केलेली निळी पँट. तिच्यावर गुडघ्यापर्यंत घागरा, त्याला इरकलीचे काठ, काही आडवे काही उभे, जसे सापडले तसे. आणि वरून जाकीट. त्या जाकिटाची पाठ दुष्काळातल्या पिशवीची होती. बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात कारखाना बंद होता, आई-वडील दोघंही खडी फोडायला जायचे, तेव्हा कामावर परदेशातलं धान्य पांढऱ्या कापडी पिशव्यांतून यायचं, वर निळी इंग्रजी अक्षरं. रिकाम्या पिशव्यांचे आमच्या घरात फ्रॉक झाले, चड्ड्या झाल्या. शिवताना आई अक्षरं नेमानं आतल्या बाजूला घ्यायची, म्हणजे भिकेचं कापड आहे हे कुणाला कळू नये. वस्तीतल्या सगळ्याच आया तसंच करायच्या, आणि सगळ्यांनाच सगळं माहीत असायचं. तशी एक पिशवी ट्रंकेच्या तळाशी मिळाली. मी अक्षरं बाहेर ठेवली.

झालं, वस्तीत बोंब. हापशावर गेले की बाया घागरी भरायच्या थांबायच्या आणि बहुरूपी आली म्हणून एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. कारखान्याच्या गेटवरची पोरं खिदळायची. आता ही पोरं कोण, तर बेलबॉटमनं अख्खा रस्ता झाडत हिंडणारी! प्रत्येकाची पँट सारखी, केसांचा भांग सारखा, आणि हसणार मला. मी पण कमी नव्हते. एकाला सांगितलं, तुझ्या पँटीच्या खालच्या घेरात माझी दोन पोलकी निघतील, आणून दे. त्यानंतर तो मला बघून रस्ता बदलायचा.

पोरांचं काही नाही, पण आत्यांचं काय करायचं? आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्याच गल्लीत राहायच्या. विहारातल्या बायांचं मंडळ त्यांच्या मुठीत. आमच्याकडं जयंतीला, पौर्णिमेला सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसतात, आणि आत्यांची साडी अशी की तिच्यावर माशी बसायला बिचकावी. त्या आमच्या घरी आल्या, मला समोर उभं केलं, वरपासून खालपर्यंत बघितलं. आईला वाटलं आता आवाज चढणार. तसं झालं नाही. हळू बोलल्या, ते जास्त लागलं.

“आपल्या मागल्या माणसांनी दुसऱ्याचं फाटकं अंगावर घातलं. नवं घातलं तर गाव डोळे वटारायचं. त्यातनं निघून आपण स्वच्छ पांढरं नेसाया लागलो. आन तू सवताच्या हातानं ठिगळं लावून हिंडतीस?”

खरं सांगते, माझ्याकडं उत्तर नव्हतं. राग मात्र होता, आणि चिक्कार होता. कारण त्या बोलत होत्या ते खोटं नव्हतं, आणि तरी मला जाकीट उतरवायचं नव्हतं.

त्या वर्षी वैशाखी पौर्णिमेला आमच्या विहारात जपानचे पाहुणे येणार होते. एक म्हातारे भिक्खू आणि त्यांची भाची. तेरला आणि धाराशिवच्या लेण्यांकडं जाता जाता आमच्या विहाराचे भंतेजी त्यांना आमच्याकडं आणणार होते. वस्तीला काय सुधरेना. रस्त्यावर सडा पडला, तोही टँकरच्या पाण्याचा. पत्र्याच्या विहाराला चुना लागला. पाहुण्यांपुढं मुलींचं लेझीम होणार होतं आणि पथकात सगळ्यांच्या पुढं मी, शाळेपासूनच मी. त्या जागेवर माझा जीव होता. शिवण सोडलं तर मला दुसरं काही म्हणजे काही धड येत नव्हतं, पण लेझीम हातात आली की मी कुणाची नव्हते.

आत्यांनी निरोप धाडला, पांढरी साडी नेसली तर लेझीम, नाहीतर दुसरी पोरगी पुढं उभी राहील. आई म्हणाली, एक दिवसाचा प्रश्न आहे, नेस की. वडील म्हणाले, तुमचं तुम्ही बघा. मी साडी हातात घेतली, घडी उलगडली, परत घातली. एक दिवस नेसले की पुढं मग रोजच कुणीतरी सांगणार, आज हे, उद्या ते. पौर्णिमेला मी माझ्याच कपड्यांत विहारात गेले.

आत्या सरळ माझ्याकडं आल्या. माझ्या हातातून लेझीम काढून घेतली, दुसऱ्या मुलीला दिली आणि मला मांडवाच्या मागं रांजणापाशी उभं केलं. पाणी वाढ म्हणाल्या. मी वाढत राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते घाम म्हणून खपून गेलं.

येडशी स्टेशनवरून जीप आली. बायांची पांढरी रांग हात जोडून उभी. आधी म्हातारे भिक्खू उतरले. त्यांच्या मागून भाची उतरली आणि रांग गपगार झाली. पोरगी माझ्याएवढीच असेल. पँटीवर घागरा. एक मोजा तांबडा, एक पिवळा. आणि अंगात निळं जुनं जाकीट, ठिगळावर ठिगळ, त्याच्यावर पांढऱ्या दोऱ्याचे बारीक धावदोरे, आपल्या वाकळेला असतात अगदी तसे. रांजणामागं माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

रांगेतली एक म्हातारी कळवळून म्हणाली, लेकराचे लई हाल झालेले दिसतात, तिकडंबी दुष्काळ पडलाय व्हय. झालं, सगळ्यांना तेच खरं वाटलं. एवढ्या लांबून आलेली, भिक्खूंच्या घरची, आणि अंगावर धड कापड नाही! आत्यांचं तर काळीज फाटलं. त्यांनी स्वतःसाठी घेतलेली कोरी साडी घरून मागवली, पाहुणीला मांडवाच्या मागं, माझ्या रांजणापाशीच आणलं आणि चार बायांनी मिळून तिला तिच्या कपड्यांवरूनच नेसवली. तिला वाटलं हा आमच्याकडं पाहुण्यांचा मान असेल. हसत हसत गोल फिरली, निऱ्या बघितल्या. नेसवताना उतरवलेलं तिचं जाकीट आत्यांनी हळूच उचललं, म्हणाल्या, दे बाई, आम्ही चांगलं धुऊन देतो. पोरीनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि साडीवरून परत अंगात घातलं.

आत्यांनी भंतेजींना बोलावलं. त्यांना विचारायला सांगितलं की बाई, परिस्थिती इतकी वाईट आहे का. भंतेजींनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं. पोरीला आधी कळेना, मग कळलं तेव्हा ती इतकी हसली की साडीचा पदर खाली. तिचं म्हणणं भंतेजी सांगत गेले. जाकीट तिच्या आजीचं, शेतात घालायचं. आजीला त्याची लाज वाटायची, म्हणून पेटीत तळाला दाबून ठेवलेलं. आजी गेल्यावर हिला सापडलं. हिनं घातलं तर घरात रडारड झाली, गरिबी काय मिरवतेस म्हणून. टोकियोत एक रस्ता आहे, तिथं रविवारी गाड्या बंद असतात. पोरंपोरी आपापल्या हातानं शिवलेले कपडे घालून येतात आणि रस्त्यात नाचतात. ही तिथं आजीचं जाकीट घालून जाते. बाया आ वासून ऐकत होत्या.

आत्यांनी एवढंच विचारलं, “हिला लाज न्हाय वाटत?”

पोरगी जे बोलली ते भंतेजींनी जरा थांबून सांगितलं. “ती म्हणते, हे घालून आजीनं घर जगवलं. लपवायचं कशाला?”

आता मात्र मला राहवेना. इतके दिवस जे उत्तर सापडत नव्हतं ते आयतं तोंडात आलं. तांब्या ठेवला आणि सगळ्यांच्या देखत आत्यांपुढं जाऊन उभी राहिले.

“आत्या, मागल्यांच्या अंगावर ते फाटकं दुसऱ्यानं टाकलं होतं. हे म्या निवडलंय. मला कुणी दिलं न्हाय, कुणी टाकलं न्हाय.”

आत्यांनी माझा खांदा धरून मला फिरवलं. पाठीवर त्यांचा हात लागला, अक्षरांवरून सावकाश गेला. मग म्हणाल्या, असल्या पिशवीचा झंपर मी पण घातलाय, खडीवर घाम आला की निळा रंग अंगाला लागायचा, तो घासून घासून काढायचे. एवढं बोलून त्या दुसऱ्या मुलीकडं गेल्या, तिच्या हातातली लेझीम घेतली आणि माझ्या हातात दिली.

काय खेळले मी त्या दिवशी! हलगीवाला दमला, मी दमले नाही. पाहुणी साडी, जाकीट, मोजे सगळ्यासकट आमच्यात शिरली, तिचा पाय सारखा उलटा पडत होता, पण हटली नाही. तिचे मामा भिक्खू टाळ्या वाजवत होते. मला हसणाऱ्या हापशावरच्या बायाही नाचताना बघून मला इतका आनंद झाला की लेझीम डोक्यावर उंच धरून मी नुसतीच ओरडले. पाहुणी आत्यांची साडी नेसूनच जीपमध्ये बसली.

पुढच्या जयंतीच्या आधी आत्या आमच्या घरी आल्या. आईला वाटलं परत काहीतरी तक्रार. त्या माझ्यापुढं बसल्या आणि म्हणाल्या, पांढरी साडी मी सोडायची नाही, ती माझी आहे. पण तिच्यावरून घालायला एक बंडी शिवून दे. खिसे बाहेरून लाव, लालभडक कापडाचे, लांबून दिसले पाहिजेत. मी म्हटलं, खिशात ठेवणार काय?

“काय न्हाय. हात घालायचेत. मिरवणुकीत जयंती कमिटीची गडीमाणसं खिशात हात घालून चालत्यात, मी जन्मभर मागनं बघत आले.”

जयंतीला त्या बायांच्या रांगेत सगळ्यांच्या पुढं होत्या. पांढरी साडी, पांढरी बंडी, दोन्ही हात लाल खिशांत. चौकात कमिटीचा एक माणूस सवयीनं पाण्याची घागर घेऊन त्यांच्यापुढं आला आणि म्हणाला, जरा धरा, पाणी वाढायचंय. आत्या चालायच्या थांबल्या नाहीत. मान वळवून म्हणाल्या, “हात मोकळे न्हाईत.”