टरफलासाठी पिट स्टॉप

“शेंगा कोणी आणल्या?” रॉय ओरडला, तेव्हा माझ्या तोंडात दोन दाणे होते.

रॉय आमचा क्रू चीफ. म्हणजे रेसमध्ये गाडीने आणि आम्ही सगळ्यांनी काय करायचं ते ठरवणारा माणूस. नव्वदच्या दशकात मी नॉर्थ कॅरोलायनात एका स्टॉक कार टीमकडे इंजिनिअर होतो. स्टॉक कार बाहेरून शोरूममधल्या गाडीसारखी दिसते, आत सगळंच वेगळं. लंबगोल ट्रॅकवर ती तासन्‌तास फक्त डावीकडे वळते. ते बघायला हजारो लोक तिकीट काढून येतात. आम्ही ट्रॅकशेजारच्या पिटमध्ये असायचो, जिथे गाडी पेट्रोल आणि टायरसाठी थांबते.

“आणि त्यासुद्धा टरफलासकट!” रॉयने पुडी कचऱ्यात फेकली. “पिटमध्ये टरफल म्हणजे अपघात ठरलेला. कॉलेजात शिकवलं काय तुला?”

हे कॉलेजात नव्हतं. घरी तर नव्हतंच. नागपूरला दीक्षाभूमीपासून हाकेच्या अंतरावर आमचं घर. मांजर आडवं गेलं तर बाबा स्कूटर थांबवत, पण ती मांजराला लागू नये म्हणून. त्यांचा मुलगा सातासमुद्रापार आला, तर इथे हिरवा शर्ट घालायचीही चोरी. हिरवाही अपशकुनी!

“आणखी एक चूक केलीस तर घरी जाशील,” रॉय म्हणाला. घरी म्हणजे नागपूरला. माझा व्हिसा याच नोकरीवर होता.

माझं काम पेट्रोलच्या हिशोबाचं. या गाडीत पेट्रोलचा काटाच नसतो. पेट्रोल ओतण्याआधी आणि ओतल्यावर कॅनचं वजन करायचं. किती आत गेलं ते कळतं. मग ते किती लॅप्स, म्हणजे ट्रॅकच्या किती फेऱ्या, पुरेल हे मी सांगायचं. गाडी कोरडी पडली तर मान माझी.

रेस संपत आली असताना दोन गाड्या भिडल्या आणि पिवळा झेंडा लागला. अशा वेळी सगळे हळू चालतात, कोणी कोणाला मागे टाकायचं नसतं. पिटमध्ये येऊन पेट्रोल घ्यायला हीच वेळ. आमचा ड्रायव्हर कर्टिस चौथा होता.

“त्याला आत बोलव,” मी रॉयला म्हटलं. “शेवटच्या दोन लॅप्सना पेट्रोल पुरणार नाही.”

“पुरेल. पुढचे कोणी आत येत नाहीयेत. हा आला तर चौथा नंबर जाईल.”

“मी वजन केलंय, रॉय.”

“आणि मी आयुष्यभर रेस केलीय. गप्प बस.”

मला त्याचा भयंकर राग आला. गाडी बंद पडल्यावर हाच माझ्याकडे बोट दाखवणार होता. शहाण्याला शब्दांचा मार म्हणतात. रॉयला टरफलाचाच लागणार होता.

मी हेडसेटचं बटण दाबलं. त्यावरचं बोलणं ड्रायव्हरलाही ऐकू जातं.

“कर्टिस, सॉरी. सकाळी तुझ्या खिडकीशी मी शेंगा खात होतो. एखादं टरफल सीटखाली पडलं असेल.”

 कर्टिस किंचाळला, “आय ॲम कमिंग इन!”

काँक्रीटच्या भिंतीला घासून गाडी पळवणारा हा वाघ! रॉय नको नको म्हणत राहिला, तोवर गाडी आत आलीसुद्धा. एक मेकॅनिक खिडकीतून कमरेपर्यंत आत घुसला. गाडी थांबलीच आहे म्हणून पेट्रोलवाल्याने सवयीने कॅन ओतला.

“सापडलं! फेकलं!” मेकॅनिक ओरडला. त्याला काय सापडलं ते मला आजवर कळलेलं नाही.

कर्टिस बराच मागून सुटला. पण शेवटच्या दोन लॅप्समध्ये पुढच्या गाड्या एकेक करून कोरड्या पडल्या आणि तो दुसरा आला. रॉयने मला मिठीच मारली.

“टरफल गेलं आणि नशीब फिरलं! बघितलंस?”

“आणि पेट्रोल?”

“त्याचं काय मधेच?”

नोकरी टिकली. वर एक जबाबदारी वाढली: दर रेसआधी गाडीत वाकून टरफलं शोधायची. शेंगांची ती गोष्ट आपण सगळेच शाळेत शिकलो. मी तर शेंगा खाल्ल्या होत्या, तेव्हा टरफलं उचलणं आलंच. हिशोब नुसता बरोबर असून भागत नाही, तो साहेबाच्या भीतीत गुंडाळून द्यावा लागतो, हे मात्र शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

सोमवारी बाबांचा फोन आला. “तिकडचे लोक कसे रे? सगळं शास्त्रशुद्ध असेल ना?”

“हो बाबा,” मी म्हटलं. “तपासल्याशिवाय गाडी सोडत नाहीत.”