मिठाचा पाठ

दयाराम म्हात्रे मिठागरात राबणाऱ्या घरातला. गावाला शाळा हवी होती आणि ट्रेनिंग झालेल्या मास्तरावाचून ती मिळणार नव्हती, म्हणून १९२९ साली तो ट्रेनिंग कॉलेजात गेला.

शेवटच्या परीक्षेत त्याला मुलांसमोर मिठावर पाठ घ्यायचा होता. बोलता बोलता तो रंगला. "पानी सुकला का मीठ र्‍हाते," तो म्हणाला. मुलं कान देऊन ऐकत होती. परीक्षकांनी मात्र पाठ थांबवला.

"ही भाषा शिकवणार तुम्ही मुलांना?"

दयाराम नापास झाला. घरी आल्यावर बापानं एवढंच विचारलं, "मंग शाला न्हाय?"

तो मिठागरात उतरला. पुढची नऊ वर्षं गावात शाळा आली नाही. दयाराम कुणाशी बोलेना. लोक म्हणत, शिकल्याचा गर्व झालाय. त्याला तर तोंड उघडायचीच लाज वाटत होती.